तपकिरी शेवाळ आणि आईचे गुडघे

नुसत्या रंगावर जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. तरी मी रंगावर गेलो. भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पायजमा वर दुमडून मी पिशवीभर तपकिरी शेवाळ गोळा केलं, घरी आणलं आणि त्यातलं औषध धुऊन जायला नको म्हणून एकाच पाण्यात खळबळून टोपात उकळायला ठेवलं. शाळेत मी भूगोल शिकवतो. जगातले सगळे समुद्र फळ्यावर न बघता काढतो. पण घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जो समुद्र आहे त्यात काय उगवतं, ते बघायला मी पन्नाशी उलटल्यावर गेलो, आणि तेही मोबाइलवर काहीतरी वाचून.

वाचलं होतं ते असं. समुद्रातल्या तपकिरी शेवाळात फ्युकोइडान नावाचा एक पदार्थ असतो. जात साखरेची, पण गोड नाही. तो सांध्यांमधली सूज उतरवतो आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजण्याचा वेग कमी करतो असं शास्त्रज्ञांना दिसलंय, म्हणून संधिवातावरचं संभाव्य औषध म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे. ‘संभाव्य’ हा शब्द तिथे होता. मी तो वाचलाही होता. पण सकाळच्या चहाबरोबर वाचलेल्या मजकुरातले असे शब्द बिस्किटासारखे विरघळतात, आणि हातात उरतं ते फक्त ‘औषध’.

हे सगळं होतं आईसाठी. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. उजवा जास्त. एक्स-रे बघून वसईतले हाडांचे डॉक्टर म्हणाले होते की मधली गादी संपलीय, आता हाडावर हाड घासतंय, गुडघा बदलायला हवा. आणि हेही म्हणाले होते, की फार उशीर केलात तर मांडीतली ताकद जाईल; मग नवा गुडघा बसवूनही चालता येईल याची खात्री नाही. आईने मान हलवली. तारीख ठरली. भाताची कापणी उरकली की ऑपरेशन.

मान हलवली खरी, पण ती तारीख जवळ येईल तशी आई गप्प गप्प व्हायला लागली. वाडीतल्या केळी आणि मोगरा हा तिचा जन्माचा उद्योग. आताशा ती ओटीवरच्या खुर्चीत बसून काठीने दिशा दाखवायची आणि तिथे काय करायचं ते ओरडून सांगायची. रात्री पाय चोळताना मात्र ओरडायची नाही. ते मला बघवत नव्हतं, म्हणून पिशवी घेऊन मी किनाऱ्यावर गेलो. वेळही बरी साधली होती. बायको दोन दिवस गासला माहेरी गेली होती. ती नर्स आहे. ती घरी असती तर टोप चुलीपर्यंत पोहोचलाच नसता.

उकळल्यावर त्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला आणि वास दुपारच्या बंदराचा. मी त्यात आलं, लसूण, मिरी आणि घरचा मसाला घातला. पहिला घोट स्वतः घेतला. दाताखाली कचकच झाली. ती मी औषधाच्या खात्यावर टाकली.

आईने वाटीत डोकावून पाहिलं.

“काय आहे हे?”

“सूप.”

“कशाचं?”

“समुद्रातलं.”

“समुद्रातली मासळी असते. हे तर गवताचं पानी.”

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती कागदावर लिहायला घेतली की आई म्हणते मी तिची वाट लावतो, म्हणून इथे शाळेतल्या मराठीत लिहितोय. पण आईचं ‘पानी’ मला सुधारवत नाही.

“औषधी आहे,” मी म्हणालो. “गुडघ्यांवर.”

“गुडघ्यांवर?” असं म्हणून तिने वाटी तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. तोंड वाकडं केलं नाही, काही नाही. खोकल्याच्या औषधाचा एक चमचा घ्यायला जी तासभर वाद घालते, ती बाई मुकाट्याने समुद्र प्यायली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी त्या वेळी स्वतःवर खूश होतो, आणि खूश माणसाला शंका येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काठीशिवाय उठली. एक हात भिंतीला लावून ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. “हलकं वाटतंय,” ती म्हणाली. माझी छाती फुगली. शाळेत जाताना मी स्टाफरूममध्ये ही बातमी कशी सांगायची याची वाक्यं जुळवत होतो.

मी शाळेतून परतलो तोवर आईने दवाखान्यात फोन केला होता. काय बोलली ते तिनेच मला सांगितलं, अगदी समाधानाने: “म्हटलं, ऑपरेशन राहू द्या. माझ्या मुलाने औषध काढलंय.”

मी दचकलो. पण खरं सांगतो, दचकण्याच्या आधी क्षणभर मला गोडही वाटलं. ‘माझ्या मुलाने’ असं आई मी दहावी पास झालो तेव्हा एकदा म्हणाली होती, त्यानंतर आताच.

संध्याकाळी बायको आली. चप्पल काढण्याआधीच म्हणाली, “घरात काय मेलंय?”

मी टोपाकडे बोट दाखवलं. तिने झाकण उघडलं, लगेच परत लावलं. उरलेलं शेवाळ मी धान्य पाखडायच्या सुपात पसरून वाळत घातलं होतं. त्यातलं मूठभर तिने उचललं आणि मोरीत नळाखाली धरलं. पाणी तपकिरी झालं. पुन्हा चोळलं, पुन्हा तपकिरी. मग पाणी स्वच्छ आलं आणि तिच्या हातात राहिलं ते पोपटी हिरवं, कागदासारखं पातळ काहीतरी.

“हे तुमचं तपकिरी शेवाळ?”

“वाळल्यावर जरा...”

“अहो, हा चिखल आहे.”

वसईचा किनारा चिखलाचा. तपकिरी शेवाळ खडकाला धरून वाढतं, त्याला स्वच्छ वाहतं पाणी लागतं, हे मी पुढे वाचलं. माझ्या पिशवीत आलं होतं ते हिरवं शेवाळ, चिखलात लोळलेलं. मी आईला आलं-लसूण घालून भुईगावचा गाळ पाजला होता.

बायको हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. “आई रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेतात, विसरलात? शेवाळात आयोडीन असतं. कोणत्या शेवाळात किती, ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. काय काय हलवून ठेवलंत कोण जाणे.” असं म्हणत ती बीपीचं मशीन घेऊन ओटीवर गेली. बीपी ठीक होतं, नाडी ठीक होती. पट्टा सोडता सोडता तिला आईकडून ऑपरेशन रद्द झाल्याची बातमी कळली.

ती आत आली, मशीन टेबलावर ठेवलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही त्यांना औषध नाही दिलंत. पळवाट दिलीत.”

मग आम्ही दोघांनी आईला समजवायला सुरुवात केली.

“आई, ते हिरवं निघालं. वेगळंच.”

“हिरवं तर हिरवं. मला उतार पडला.”

“अगं, चिखल होता तो!”

“आपल्याच किनाऱ्याचा ना?”



शेवटी बायकोने युक्ती केली. म्हणाली, “आई, औषध चांगलंच असेल तर डॉक्टरांना तरी सांगू या. बाकीच्या रोग्यांचं भलं होईल.” परोपकाराला आई नाही म्हणत नाही. रविवारची चर्चमधली मिस्सा झाली, आणि सोमवारी आम्ही तिघं रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी खाली बघत सांगितलं, चिखलासकट.

डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. ते हसतील, किंवा ओरडतील, दोन्हीची मी तयारी ठेवली होती. त्यांनी दोन्ही केलं नाही.

“तुम्ही वाचलंत ते खोटं नाहीये, सर,” ते म्हणाले. “फ्युकोइडानवर खरंच काम चाललंय. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर, उंदरांवर. सूज कमी झालेली दिसते. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान. कुठे फरक दिसला, कुठे नुसत्या साखरेच्या गोळीइतकाच.”

“म्हणजे औषध आहे,” आई म्हणाली.

“औषध होऊ शकेल अशी वस्तू आहे, आजी. ती शेवाळातून वेगळी काढावी लागते, शुद्ध करावी लागते, मोजून द्यावी लागते. नुसतं शेवाळ उकळलं की पाण्यात जे जे असेल ते सगळं पोटात जातं. शेवाळ पाण्यातले नको ते धातूसुद्धा ओढून घेतं. आणि आपल्या समुद्रात आपण काय काय सोडतो, ते तुम्ही जाणताच.”

मग ते दुसरं सांगायला लागले. मला वाटतं त्यांना स्वतःलाच त्यात गोडी होती. तपकिरी शेवाळातून एक जेली काढतात, अल्जिनेट म्हणतात तिला. दातांच्या डॉक्टरकडे माप घेताना तोंडात जो थंड लिबलिबीत गोळा कोंबतात, तो त्यातलाच. त्या जेलीत पेशी ठेवून कूर्चेतला खड्डा भरता येतो का, याचेही प्रयोग चालू आहेत.

“मग माझा भरा की,” आई म्हणाली.

“आजी, खड्डा असेल तर तो भरायचा प्रश्न. तुमचा रस्ताच वाहून गेलाय.”

वसईत राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. आईलाही ते कळलं. तिने विचारलं, “ते औषध कधी येईल?”

“माहीत नाही. दहा वर्षांनी येईल. कदाचित येणारही नाही.”

“मी थांबते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आजी, भीती कशाची वाटते? चिरफाडीची?”

“माझी सगळी बाळंतपणं घरात झाली. चिरफाडीचं मला काय सांगता?”

“मग?”

आई भिंतीवरच्या गुडघ्याच्या चित्राकडे बघत राहिली. “तुम्हीच म्हणालात ना, नवीन गुडघ्यावर टेकायचं नाही.”

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्या घरात रोज संध्याकाळी आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, रोझरी होते. माळ जपताना बसलं तरी चालतं, पण शेवटची लिटनी, मरियामातेचं एकेक नाव घेऊन ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायची ती, गुडघे टेकूनच. हा आमच्या घरचा दंडक. आईच्या सासूने तो शेवटपर्यंत पाळला. जो टेकत नाही तो एकतर आजारी किंवा आळशी, असं आई आम्हाला लहानपणापासून ऐकवत आली. मी पुढच्या बाकड्यावर कोपरं टाकून टेकतो, तेही तिला चालत नाही. आणि अशा बाईला सांगितलं होतं, की आता आयुष्यभर खुर्ची. तिला गुडघा नको होता असं नाही. तिला टेकता येणारा गुडघा हवा होता, आणि तो फक्त माझ्या टोपात होता.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाले, “काही लोक मऊ गादीवर थोडा वेळ टेकतात. बऱ्याच जणांना ते नको वाटतं. मी वचन देत नाही. आणि खाली मांडी घालून बसणं मात्र विसरा.”

परत येताना रिक्षा होळी बाजारापाशी थांबवली. बायको भाजीसाठी उतरली, वांगी घेऊन परत बसली.

संध्याकाळी रोझरी झाली. लिटनीची वेळ आली. गेलं वर्षभर या वेळी आमची एक कवायत असायची. एका बाजूने मी आईच्या काखेत हात घालायचा, दुसऱ्या बाजूने बायकोने, आणि आईला सावकाश खाली उतरवायचं. लिटनी संपली की तसंच वर. त्या दिवशी मी हात घातला आणि दुसरी बाजू रिकामी राहिली. बायको उभीच होती.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही आता तरी कुठे टेकता? आम्ही तुम्हाला खाली सोडतो आणि वर ओढतो. विहिरीतल्या बादलीसारखं.”

“बादली म्हणालीस मला?”

“म्हणाले.”

“देवासमोर?”

“त्यालाही दिसतंच की, आई.”

मी आल्तारावरच्या मेणबत्तीकडे बघत राहिलो. असल्या वेळी कुठे बघायचं, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत शिकायला मिळालंय. आईने माझा हात झटकला आणि बाकड्याला धरून उभ्यानेच लिटनी म्हटली. तिचे पाय थरथरत होते. आम्ही दोघं टेकलो होतो, त्यामुळे ते थरथरणं अगदी डोळ्यांसमोर होतं.

दुसरा दिवस अबोल्याचा. म्हणजे त्या दोघींचा. माझ्याशी दोघीही बोलत होत्या.

“तुझ्या बायकोला सांग, वांग्यात मीठ नाही.”

“तुमच्या आईंना सांगा, बीपी आहे.”

“बीपी काल चांगलं होतं म्हणावं.”

“काल मीठ कमी होतं म्हणून चांगलं होतं म्हणावं.”

मधे बसून मी वांगी खात होतो. निरोप्याचं काम मला जमतं. दोन्हीकडचं सगळं ऐकलेलं असतं, मला फक्त मान हलवायची असते.

संध्याकाळी आम्ही आल्तारासमोर जमलो. मेणबत्ती लावली. आई दारात काठी टेकून उभी राहिली, मग मला म्हणाली, “खुर्ची आण.”

मी प्लास्टिकची आणली.

“ही नको. हाताची आण. उठताना धरायला नको का?”

मी लाकडी आणली. आई तिच्यात बसली, पदर सारखा केला, माळ हातात घेतली. “बघू त्याला चालतं का,” एवढंच म्हणाली आणि सुरू केलं. त्या दिवशीची लिटनी तिने बसून म्हटली. नजर मात्र खाली फरशीवर होती, जिथे ती टेकायची तिथे. ती चाचणी आहे हे आम्हाला कळत होतं, म्हणून आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, “डॉक्टरला फोन लाव.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? तारीख परत घ्यायला. तुझ्या चिखलाची चव जिभेवर आहे तोवर घेऊन टाकते.”

“आणि टेकण्याचं काय?” मी विचारलं. बायकोने स्वयंपाकघरातून डोळे वटारले.

“काल बसून म्हटली,” आई म्हणाली. “वीज पडली नाही.” मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, पण सांगायचं मलाच असल्यासारखं म्हणाली, “बादली रिकामी वर आलेली बरी म्हणावं, विहिरीत पडून राहण्यापेक्षा.”

आतून भांड्याचा आवाज थांबला. मग बायको चहाचा दुसरा कप घेऊन बाहेर आली, तो आईपुढे ठेवला, आणि अबोला तिथेच संपला. त्या चहात साखर होती. घरात आईला साखर बंद आहे. 

ऑपरेशन झालं. उजवा गुडघा आधी, डावा पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. पहिले दिवस वाईट गेले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला आईने जे जे ऐकवलं ते आमच्या बोलीत होतं हे बरं झालं. ती मुलगी नागपूरकडची होती. पण ती चिकट निघाली, आईपेक्षाही. हळूहळू आई वॉकरवरून काठीवर आली आणि एक दिवस फाटकापर्यंत गेली. या वेळी हात भिंतीला लागला नव्हता.

मी अजून शेवाळाबद्दल वाचतो. माझाही गुडघा जिना उतरताना बोलायला लागलाय, त्यामुळे हा आता निव्वळ परोपकार राहिलेला नाही. फरक एवढाच, की आता मी ‘संभाव्य’ या शब्दापाशी थांबतो. पूर्वी तो मला लेखकाने अंग चोरल्यासारखा वाटायचा. आता त्यात मला कुणीतरी काम करताना दिसतं: एका प्रयोगशाळेत एक बाई शेवाळ पुन्हा पुन्हा धुतेय, मोजतेय, उंदराचा पाय बघतेय, ‘फरक पडला’ असं लिहितेय आणि त्यापुढे ‘आणखी अभ्यास हवा’ असंही लिहितेय. तिला घाई नाही. घाई आमच्यासारख्यांना असते, ज्यांच्या घरात रात्री कुणीतरी पाय चोळत बसलेलं असतं. दोघांचंही चुकत नाही. मात्र त्या बाईच्या आणि माझ्या टोपाच्या मधे जे अंतर आहे, ते मी एका ओहोटीत चालून जाऊ शकेन असं वाटून घेतलं, ते चुकलं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळची रोझरी. आई तिच्या लाकडी खुर्चीत, पाय लांब करून, आरामात. आम्ही दोघं खाली टेकलेले. मी एकदा तिच्या सोबतीला म्हणून खुर्चीत बसून पाहिलं होतं, तर म्हणाली होती, “तुझे शाबूत आहेत ना? मग टेक.” लिटनी संपली. मी उठायला लागलो, तर आईने डोळे न उघडताच पुढे सुरू केलं. गेलेल्या सगळ्या नातेवाइकांसाठी एकेक, नाव घेऊन. मग डॉक्टरांसाठी. व्यायामवाल्या मुलीसाठी. रिक्षावाल्यासाठी. आजारी असलेल्या एका शेजारणीसाठी, आणि तिच्या सुनेला सुबुद्धी मिळावी म्हणून. मग समुद्रावर गेलेल्यांसाठी. प्रत्येक वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा, मधे दम घेऊन. माझ्या गुडघ्यांखालची फरशी टणक होत चालली होती. आतून कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी, मग कितीतरी. बायकोने एकदा उठून गॅस बंद केला आणि परत येऊन टेकली. तरी आईचं चालूच होतं.

शेवटी आमेन झालं. आम्ही पानावर बसलो तेव्हा भाताचा लगदा झाला होता आणि तोही गार. आई मजेत जेवली, हात धुतले आणि काठी टेकत ओटीवर गेली. मी भांडी उचलू लागलो.

“आज फारच लांबलं,” मी म्हणालो.

बायको भाताचा टोप खरवडत होती. “वर्षानुवर्षं आई लिटनी उरकायच्या, अर्धी नावं तर गिळायच्याच. मला वाटायचं, पाठ आहे म्हणून.” तिने टोप नळाखाली ठेवला. “आता दुखत नाही, तर उरकतीलच कशाला? चांगलं झालंय ऑपरेशन. उद्यापासून भात मी प्रार्थनेनंतर लावते.”